माहेरच्या मैदानावर

त्रिशला मगदूम नळाखाली वाकून तोंड धूत होती आणि तिच्या पाठीवर ‘हिराबाई’ असं छापलेलं होतं. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. मांडऱ्याच्या कॉलेजातला हाच तो नळ. सराव संपला की दोन वर्षं आम्ही दोघी इथंच ओंजळीनं पाणी प्यायचो.

“गोड लागतंय का अजून, का शहरात दुसरं मिळतंय?” मी विचारलं.

ती सरळ झाली. निळा ट्रॅकसूट, पांढरे बूट, आणि लांब वेणी कापून मानेपर्यंत आणलेले केस. “मालन,” एवढंच म्हणाली. मला मात्र सगळं पाठ होतं, वर्षभर मनात घोकून ठेवलेलं.

आमचं मांडरे म्हणजे ऊस, गुऱ्हाळं आणि एक कॉलेज. त्या कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ होता आणि त्याची कॅप्टन मी, मालन सुतार. विभागात कॉलेजं पुष्कळ, पण चषक कायम एकाच कपाटात राहायचा, शहरातल्या हिराबाई महिला महाविद्यालयाच्या. त्यांच्या संघाला आम्ही नुसतं ‘हिराबाई’ म्हणायचो, खाष्ट सासूचं नाव घ्यावं तसं. उद्या हिराबाई येणार, काल हिराबाईंनी अमक्यांना पन्नास गुणांनी बुकललं. त्यांच्याकडं लाकडी फरशीचा हॉल होता, वसतिगृह होतं, रोजची अंडी होती आणि शिंत्रे सर होते. सरांची पद्धत साधी होती. फायनलमध्ये ज्या मुलीनं त्यांना त्रास दिला, ती जूनमध्ये हिराबाईत असायची. फी माफ, राहणं-जेवण फुकट, गरिबाघरची पोरगी नाही कशाला म्हणेल? कुठल्यातरी गावच्या मास्तरानं तिला उन्हातान्हात पळवून तयार करायची आणि तयार झाली की यांनी उचलायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वर पेपरात छापून यायचं, हिराबाईत खेळाडू घडतात.

आदल्या वर्षीच्या फायनलमध्ये आम्ही त्यांच्याशी फक्त चार गुणांनी हरलो होतो. त्रिशलानं एकटीनं त्यांच्या निम्म्या पोरींना नाचवलं होतं. परतताना एस.टी.त आम्ही हरल्यासारख्या वागतच नव्हतो, कारण पुढची फायनल आमच्याकडं होती. आमचं मैदान, आमची माणसं आणि आमची त्रिशला. आणि जूनमध्ये ही बया मला एक अक्षर न सांगता निघून गेली.

हे सगळं मी तिला नळावर ऐकवलं. गद्दार म्हणाले, अंड्यांवर भुललीस म्हणाले, अजूनही काय काय म्हणाले. मी दमल्यावर तिनं ओल्या हातांनी केस मागं सारले.

“झालं बोलून? आता माझं ऐक. वर्षात एका म्याचमध्ये उतरवलंय मला, तेबी शेवटाला, लोक घरला निघाल्यावर. बाकी वर्षभर नुसतं बाकडं.”

मला खरं वाटेना. जिनं त्यांना रडवलं, तिला त्यांनी बसवून ठेवलं?

“मग सोड की आणि ये परत,” मी म्हणाले.

“कुठं येऊ? अण्णांनी एकच वर्ष दिलंय. विद्यापीठाच्या संघात नाव आलं तर शिकायचं म्होरं. न्हाई आलं तर वैशाखात लगीन. पोरगा बघून ठेवलाय.”

विद्यापीठाची निवड कशी व्हायची ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. निवड समिती फक्त फायनलला यायची. त्या दिवशी जी मैदानात दिसली ती दिसली, बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट बघायची.

“आज तर खेळवतील की,” मी म्हणाले. माझा आवाज खाली आला होता आणि ते मला आवडलं नव्हतं.

“सरांचा नियम हाय. पोरीला माहेरच्या संघाविरुद्ध उतरवायचं न्हाई. हात आखडती म्हनं.” ती बुटाची नाडी बांधायला खाली बसली. “मी तुझ्याकडं काय मागाय आलो न्हाई मालन. तू ओरडलीस, म्हणून सांगितलं.”

फायनलला सगळं मांडरे लोटलं होतं. सिमेंटच्या मैदानावर आदल्या दिवशीच आम्ही चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. एका बाजूला मांडव, त्यात निवड समितीचं टेबल. समितीत शहरातून आलेल्या एक मॅडम, दोन प्राध्यापक, आणि चौथे कोण म्हणाल तर शिंत्रे सर. आदल्या वर्षीच्या विजेत्या संघाच्या सरांना समितीत घ्यायची रीत होती, म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या. सामना चालू असताना तेवढे ते आपल्या मुलींजवळ बसायचे.

मांडवात पुढच्याच रांगेत त्रिशलाचे वडील होते. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, मांडीवर पिशवी. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नसे. मी जवळून जाताना त्यांनी हाक मारली.

“मालन, आमची त्रिशला बसून का गं? बाकीच्या पळाय लागल्यात की.”

“दमू नये म्हणून बसवलीय अण्णा. उतरंल नंतर.”

त्यांचं समाधान झालं. शेजारच्याला म्हणाले, शेवटाला काढणार हायत तिला.

पहिल्या अर्ध्या डावात हिराबाईंनी आम्हाला अक्षरशः लोळवलं. मुलींच्या प्रॅक्टिकल परीक्षा म्हणून त्यांनी आठच जणी आणल्या होत्या, आणि मांडऱ्याला आठ म्हणजे चैन झाली, असं शिंत्रे सर आमच्या पाटोळे सरांना हसत हसत म्हणालेही होते. पाटोळे सरही हसले होते. हिराबाईंच्या दोन उंच मुली बास्केटखाली उभ्या राहायच्या. त्यांना आम्ही खांब म्हणायचो. मी, आमची शबाना, कोणीही आत घुसलं की खांब आडवे. हाफ टाइमला आम्ही बावीस गुणांनी मागं होतो. माणसं टाळ्या वाजवायची थांबली होती. चहावाल्याचा धंदा मात्र चांगला चालला होता.

पाटोळे सर म्हणाले, उपविजेतेपद म्हणजे काही कमी नाही, हसतमुखानं हरा. मला त्यांचंच तोंड बघवेना. मी उठले आणि तरातरा मैदान ओलांडून हिराबाईंच्या बाकड्यापाशी गेले. त्रिशला टोकाला बसली होती. मला येताना बघून तिनं मान खाली घातली.

“सर, बावीसनं पुढं आहात,” मी शिंत्रे सरांना म्हणाले. “आता तरी त्रिशलाला उतरवा. तिचे वडील आलेत.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावले वगैरे नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “बाळ, तू तुझा संघ बघ. माझा मी बघतो.”

“घेऊन गेलात कशाला मग तिला, खेळवायचंच नव्हतं तर?”

“गेल्या साली तुम्ही किती गुणांनी हरलात?”

“चार.”

“आणि आत्ता?” ते म्हणाले, आणि थर्मासमधला चहा ओतून घेऊ लागले.

मला वाटतं, आयुष्यात इतका संताप मला पुन्हा कधी आला नाही. लग्न झालं, सासर झालं, नोकरीत वरच्यांनी माझं काम आपल्या नावावर खपवलं, तेव्हाही नाही. मी त्या बाकड्याकडं बघितलं. त्रिशलाच्या शेजारी बसलेल्या दोघी दुसऱ्या कॉलेजांतून आणलेल्या, आपापल्या गावच्या वाघिणी. आता हातात टॉवेल घेऊन बसल्या होत्या. या माणसानं त्यांना खेळवायला आणलंच नव्हतं. त्या दुसऱ्या कुणाकडं राहू नयेत एवढ्यासाठी आणल्या होत्या.

मी परत आले आणि पोरींना कोंडाळं करून उभं केलं. पाटोळे सर प्राचार्यांशी बोलायला गेले होते, तेही बरंच झालं.

“आता जिंकायचं न्हाई,” मी म्हणाले. “फाउल काढायचे. बॉल हातात आला की सरळ खांबांच्या अंगावर घुसायचं. पडायचं, उठायचं, पुन्हा घुसायचं. पाच फाउल झाले की बाई बाहेर. आठच हायत त्या, तिघी बाहेर गेल्या की त्यांना त्रिशलाला उतरवावं लागतंय.”

शबाना मुजावर आमच्यात सगळ्यात लहानखुरी आणि सगळ्यात तिखट. “त्या गद्दारासाठी मी हाडं मोडून घेऊ?” तिनं विचारलं.

“तिच्यासाठी न्हाई. त्यो चहा पितोय त्याच्यासाठी.”

शबानानं तिकडं वळून बघितलं. मग खाली वाकून मोजे वर ओढले.

दुसऱ्या अर्ध्या डावात आम्ही जे केलं त्याला खेळ म्हणावं का, मला ठाऊक नाही. बॉल आला की मी मान खाली घालून घुसायची. खांब हवेतून माझ्या अंगावर कोसळायचा, पंचांची शिट्टी वाजायची, आणि मी सिमेंटवर गुडघे सोलून घेत उठायची. एकदा कोपर बसून माझा ओठ फाटला. पदवीच्या फोटोतही त्याचा वण दिसतो. शबाना तर मांजरासारखी त्यांच्या पायांत शिरायची. सगळं नियमात होतं. अंगावर त्या येत होत्या, आम्ही फक्त वाटेत होतो. पहिला खांब पाच फाउल होऊन बाहेर गेला तेव्हा मांडवात पहिल्यांदा आरडाओरडा झाला.

आणि अशा फाउलला फ्री थ्रो मिळतात, हे मी हिशेबातच धरलं नव्हतं. आमचे गुण वाढायला लागले. बावीसचे सतरा झाले, मग तेरा. पाटोळे सर धावत आले, ‘येतोय आपण, येतोय,’ म्हणत टाळ्या वाजवायला लागले. हसतमुखानं हरायचं ते विसरले. शिंत्रे सरांनी दुसऱ्या खांबाला थोडा वेळ बसवलं, पण ती नसताना बास्केटखाली आम्हाला मोकळं रान मिळालं, म्हणून त्यांना तिला पुन्हा आणावी लागली, आणि तीही गेली. मग त्यांची एक गार्ड, शबानाला ढकलून. तिघी बाहेर. आम्ही आठ गुणांनी मागं होतो, वेळ भरपूर होता आणि त्यांच्याकडं उंच मुलगी एकही उरली नव्हती. बाकड्यावरची सोडून.

शिंत्रे सर उठून पंचांकडं गेले. मी कॅप्टन म्हणून तिथंच होते.

“चौघींवर खेळतो आम्ही,” ते म्हणाले.

“सर, बाकड्यावर खेळाडू असताना चौघी चालत नाहीत,” पंच म्हणाले.

“तिचा घोटा मुरगळलाय. सकाळपासून.”

पंचांनी डोकं खाजवलं. मग ते माझ्याकडं वळले. “दुखापत असेल तर चौघींना परवानगी देता येते. मांडऱ्याची काही हरकत?”

एवढा वेळ मी पोरींना सांगत होते की जिंकायचं नाही. आता जिंकणं समोर येऊन उभं होतं. त्यांच्या चार बुटक्या पोरी, आमच्या पाच, आणि आठ गुण. हिराबाईंना कुणी हरवल्याचं आमच्या आठवणीत नव्हतं. पाटोळे सरांनी मागून माझा खेळायचा बनियन धरून ओढला. “हरकत नाही म्हण,” ते कुजबुजले. “मालन, गप नाही म्हणून टाक.” शबाना माझ्याकडं डोळे फाडून बघत होती. तिलाही तेच हवं होतं, आणि तिचं काय चुकलं? गुडघे तिचेही फुटले होते.

तेवढ्यात शिंत्रे सर माझ्याकडं बघून हसले. अगदी थोडं. त्यांनी मला ओळखलं आहे, असं ते हसू होतं. या पोरीला चषक दिसला की मैत्रीण कुठली आठवणार, असं. हरण्याची तयारी होती त्यांची, पण त्रिशलाला मांडऱ्यात उतरवायची नव्हती. आज नियम मोडून हिला उतरवली तर उद्या बाकड्यावरची प्रत्येक पोरगी विचारणार, मग मला का नाही?

“हरकत आहे,” मी म्हणाले. “तिला विचारा की. पाय तिचा आहे.”

पाटोळे सरांनी माझा बनियन सोडून दिला. पंच बाकड्यापाशी गेले, आम्ही मागोमाग. त्यांनी त्रिशलाला विचारलं, घोटा दुखतोय का? शिंत्रे सर तिच्यासमोर उभे होते. तिची फी, तिचं वसतिगृह, तिचं जेवण, सगळं त्या माणसाच्या हातात होतं. तिनं मान वर केली. एकदा सरांकडं, एकदा मांडवाकडं बघितलं, आणि मला वाटलं, संपलं.

“माझा पाय दुखत न्हाई,” ती म्हणाली.

“त्रिशला,” सर म्हणाले.

“दुखतच न्हाई सर.” तिनं ट्रॅकसूटची चेन ओढली, जाकीट काढून बाकड्यावर ठेवलं आणि चुन्याची रेघ ओलांडून आत आली. मांडवातून असा काही आवाज उठला की अण्णा घाबरून उभे राहिले. शेजारच्यांनी त्यांना हात धरून खाली बसवलं.

हात आखडती म्हणे. तिनं आल्या आल्या शबानाचा शॉट हवेतच असा फटकावला की बॉल प्रेक्षकांत गेला. वर्षभर साठवलेलं सगळं ती आमच्यावर काढत होती. रिबाउंड तिचा, पास तिचा, बास्केट तिची. मी तिला अडवायला जीव तोडला, खोटं नाही सांगत, एक पाऊलही सोडलं नाही. ती माझ्या अंगावरून गेली. मी पाठीवर पडले आणि तिनं मला उठवायला हातसुद्धा दिला नाही, तशीच मागं पळाली. तिचा मला राग आला, आणि खाली पडल्या पडल्या रडू येईल इतका आनंदही झाला. आठचे अठरा झाले आणि शेवटची शिट्टी वाजली. आमच्याच पोरीनं आमच्याच मैदानावर आम्हाला हरवलं होतं. शबाना त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, पुढं कितीतरी दिवस बोलली नाही.

समितीच्या टेबलावर बराच वेळ वाद चालला होता. शहरातल्या मॅडम बोटानं त्रिशलाकडं दाखवत होत्या आणि शिंत्रे सर मान हलवत होते. शेवटी बक्षीस समारंभात माईकवरून नावं वाचली. बारा नावं, त्यातली नऊ हिराबाईंची. मांडऱ्याचं एकही नाही. पाच फाउल करून बाहेर गेलेल्या दोन्ही खांबांची नावं होती. त्रिशलाचं नव्हतं. मग घोटभर पाणी पिऊन वाचणाऱ्यानं म्हटलं, राखीव एक, त्रिशला मगदूम.

राखीव. म्हणजे पुन्हा बाकडं. मोठं बाकडं, विद्यापीठाचं. संघाबरोबर जायचं, टॉवेल सांभाळायचा, कुणाचा पाय मोडला तर उतरायचं. मी त्रिशलाकडं बघितलं, ती जमिनीकडं बघत होती. मला त्या टेबलाला लाथ घालावीशी वाटली. मी तिकडं चालायलाही लागले होते. फाटलेल्या ओठातून बोलता येईल तेवढं बोलणार होते, सगळ्या गावासमोर. त्या माणसानं काय केलं, कसं केलं, वर्षभर कुणाकुणाला बसवून ठेवलं, सगळं.

वाटेत अण्णा आडवे आले. पिशवी छातीशी धरलेली.

“मालन, त्ये काय म्हणालं गं शेवटाला? आमच्या पोरीचं नाव निराळं वाचलं. घेतली का न्हाई तिला?”

त्यांच्या मागं त्रिशला येऊन उभी राहिली होती. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. खरं सांगितलं असतं तर वैशाख फार लांब नव्हता.

“घेतली अण्णा,” मी म्हणाले. “विद्यापीठात निवड झाली तिची.”

“म्हंजे शिकायचं म्होरं?”

“शिकायचं.”

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्रिशलाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली. शिंत्रे सर चषक घेऊन गाडीकडं निघाले होते. अण्णा घाईघाईनं त्यांच्याकडं गेले. पिशवीतून गुळाची ढेप काढली, त्यांच्या हातात दिली आणि वाकून दोन्ही हात जोडले. मी हाका मारेपर्यंत त्यांचं झालंही होतं.

“तुमच्यामुळं झालं सर,” ते म्हणाले. “आमी अडाणी माणसं. तुमी घडवलीत पोरगी.”

शिंत्रे सरांनी एक क्षण आमच्याकडं बघितलं, माझ्याकडं आणि त्रिशलाकडं. त्यांना सगळं कळत होतं. आम्ही दोघी आता तोंड उघडू शकत नाही, हेही कळत होतं. त्यांनी अण्णांना खांद्याला धरून सरळ उभं केलं.

“पोरगी गुणाची आहे,” ते म्हणाले. “आणि आमच्याकडं तयारी चांगली होते.”

त्रिशलानं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. तिला भीती वाटत होती, मी बोलेन. मी बोलले नाही. ओठातलं रक्त गिळत तिथंच उभी राहिले, आणि अण्णांनी वळून माझ्याकडं बघितलं तेव्हा हसलेसुद्धा.